छाट

चौकट टॉवेलात गुंडाळून आणली होती,
काच फुटू नये म्हणून.
विडी घरकुलात पोचेपर्यंत दुपारचे दोन,
पत्र्याखाली त्रेचाळीस अंश
आणि आईच्या मांडीवर सूप.

एंदिदि? तिने विचारलं, हात न थांबवता.

पेटंट, म्हटलं. सरकारी कागद.
आम्ही एक डबी केली, तांदळाच्या कणीएवढी,
तिच्यात चिप असते.
हृदयाजवळच्या रक्तवाहिनीत बसवतात.
आतला दाब बाहेर कळवत राहते
दहा वर्षं, न उघडता.

रक्तात?
रक्तात.
मग ओल शिरत असेल की आत.

तेवढ्या एका ओळीवर आमची चार वर्षं गेली.
हाच प्रश्न विचारायला कंपनीने
परदेशाहून एक पाहुणा आणला होता,
विमानाने, हॉटेलसकट.

पान ओलं लागतं, तंबाखू कोरडी.
रात्री गोणपाटात पानं भिजत घालायची,
सकाळी पत्रा ठेवून कातरायची,
आणि ओल्या पानाच्या पोटात
कोरडा जर्दा असा मिटायचा
की याची त्याला खबर लागू नये.
मी हे शाळेत जायच्या आधी शिकले
आणि शाळेत गेल्यावर विसरले.

दावा पहिला, मी वाचून दाखवला,
मनात मराठी करत, अडखळत:
एक आवरण, ज्याच्या कडा आतल्या बाजूस दुमडलेल्या असून
सदर दुमड उष्णतेशिवाय, केवळ दाबाने...

ती हसली. तिचं नख
एका विडीचं तोंड मिटत होतं.

खाली तपासनिसाचा शेरा:
याआधी असं कुठे आढळत नाही.
संशोधक चौघे. तिसरं नाव,
मेरगू भाग्यलक्ष्मी अंबादास.

हजारी किती देतात?
हजारावर नसतं आई. एकदाच दिले, पंचवीस हजार.
आणि हे कागद कुणाचं?
कंपनीचं. माझं नुसतं नाव.
हं, ती म्हणाली.
पुढचं समजवावं लागलं नाही.
चाळीस वर्षं तिच्या विड्यांवर
सेठच्या आजोबांचा फेटेवाला फोटो लागतोय.

कुणाला बसवतात म्हणालीस?
ज्यांचं हृदय थकलंय. छाती गेलेल्यांनाही.
विड्या ओढणारे?
असतात त्यात.

तिने सुपातला जर्दा बोटांनी सारखा केला.
बाहेर टँकर आला. दोघी तेलुगूत भांडल्या,
तिसरी मराठीत मध्ये पडली.
आम्ही त्यावर काही बोललो नाही.
अजून बोललेलो नाही.

मग तिने हात पुढे केला. दाखव तरी.
नमुना तिच्या तळव्यावर ठेवला,
घट्ट्यांच्या मधल्या खळगीत तो बीसारखा बसला.
चष्मा लावलाच नाही तिने.
नख फिरवलं: एक कड, दुसरी, तिसरी.
चौथ्या कोपऱ्यावर अडली, मागे आली,
पुन्हा गेली,
आणि शाखेतला चेकर फेकतो
तसा, न बघता,
डावीकडे छाटीच्या विड्यांत टाकला.

मी सांगितलं नव्हतं तिला.
चांगले नमुने आवाराबाहेर नेऊ देत नाहीत.
हा हेलियमच्या चाचणीत नापास झालेला,
चौथ्या कोपऱ्यात केसाच्या तिसाव्या हिश्शाएवढी फट;
दीड कोटीच्या यंत्राला
सापडायला रात्र लागली होती.

उचल, ती म्हणाली,
नाहीतर संध्याकाळी छाटीबरोबर चुरडून जाईल.

मी गुडघ्यांवर बसून, शिंकत,
चुऱ्यात बोटं घालून शोधत राहिले.
चौकट भिंतीला टेकून उभी, टॉवेल अर्धा सुटलेला.
सातशे झाल्या होत्या तिच्या.
तीनशे बाकी.